राष्ट्रीय विद्यार्थी सर्वेक्षण (युनायटेड किंग्डम)

हा लेख ब्रिटनमधील विद्यार्थी-अभिप्राय सर्वेक्षणाविषयी आहे. भारतात एन.एस.एस. या संक्षेपाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय सेवा योजनेशी त्याचा संबंध नाही.

राष्ट्रीय विद्यार्थी सर्वेक्षण (नॅशनल स्टुडंट सर्व्हे, संक्षेप एन.एस.एस.) हे युनायटेड किंग्डममधील विद्यापीठे व महाविद्यालयांत पदवी अभ्यासक्रमाच्या अंतिम वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे मत जाणून घेण्यासाठी दरवर्षी घेतले जाणारे सर्वेक्षण आहे. ते २००५ साली सुरू झाले. दरवर्षी तीन लाखांहून अधिक विद्यार्थी त्यात उत्तरे देतात आणि प्रतिसादाचे प्रमाण साधारणतः ७० टक्क्यांच्या आसपास असते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर, सर्व संस्थांना एकच प्रश्नावली देऊन, संस्था व विषय यांच्या नावानिशी निकाल जाहीर करणारी सर्वेक्षणे जगात मोजकीच आहेत. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या अभिप्रायावरून उच्च शिक्षण संस्थांची तुलना करता येते का, आणि येत असल्यास किती, या प्रश्नाच्या चर्चेत या सर्वेक्षणाचा दाखला वारंवार दिला जातो.

सर्वेक्षणाचे निकाल तीन वेगवेगळ्या कामांसाठी वापरले जातात: प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांना माहिती देणे, संस्थांना स्वतःच्या अध्यापनातील उणिवा दाखवणे आणि शासकीय नियमनासाठी पुरावा मिळवणे. सर्वेक्षणाभोवतीचे बहुतेक वाद एकाच आकड्यावर ही तिन्ही कामे सोपवल्यामुळे निर्माण झालेले आहेत.

पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात अध्यापनाची गुणवत्ता तपासण्याचे काम मुख्यतः निरीक्षक मंडळांकडून होत असे. गुणवत्ता हमी संस्थेचे निरीक्षक प्रत्येक विषयाच्या विभागाला भेट देत, कागदपत्रे तपासत व गुण देत. ही पद्धत खर्चिक होती आणि तिच्यासाठी कागदपत्रांच्या पेट्याच्या पेट्या तयार कराव्या लागत, अशी विद्यापीठांची तक्रार होती. विषयवार तपासणीची ती व्यवस्था २००१ नंतर गुंडाळण्यात आली. तिच्या जागी जनतेला कोणती माहिती द्यावी याचा विचार करण्यासाठी सर रॉन कुक यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या गटाने २००२ मध्ये अहवाल दिला. विद्यार्थ्यांच्या मताचे राष्ट्रीय सर्वेक्षण घेण्याची कल्पना याच काळात पुढे आली व जानेवारी २००३ मधील शासकीय श्वेतपत्रिकेने तिला पाठबळ दिले.

याच सुमारास शिक्षण शुल्काचे स्वरूप बदलत होते. इंग्लंडमध्ये १९९८ साली वार्षिक १,००० पौंड शुल्क लागू झाले, २००६ पासून त्याची कमाल मर्यादा ३,००० पौंड झाली आणि २०१२ पासून ती ९,००० पौंडांवर गेली. पैसे मोजणाऱ्याला आधी माहिती मिळाली पाहिजे, हा युक्तिवाद शुल्कासोबत बळकट होत गेला. सर्वेक्षणाची आखणी मात्र ग्राहक-मतचाचणी म्हणून झालेली नव्हती. तिचे मूळ शैक्षणिक संशोधनात आहे.

हे मूळ ऑस्ट्रेलियातील ‘अभ्यासक्रम अनुभव प्रश्नावली’मध्ये सापडते. शिक्षणतज्ज्ञ पॉल रॅम्सडेन यांनी विकसित केलेली ही प्रश्नावली ऑस्ट्रेलियात १९९३ पासून राष्ट्रीय पातळीवर पदवीधरांना दिली जाऊ लागली. शिक्षक आवडतो की नाही हे विचारण्यावर तिचा भर नव्हता. शिक्षणाची परिस्थिती सखोल अभ्यासाला पोषक आहे की केवळ घोकंपट्टीला, हे विद्यार्थ्याच्या अनुभवातून ओळखता येते, हे तिच्यामागील गृहीतक होते. निरनिराळ्या विषयांच्या गुणांत मुळातच फरक पडतो, म्हणून तुलना एका विषयाच्या आतच करावी, ही मर्यादाही तिच्यासोबत आरंभापासून होती. ब्रिटनमध्ये मुक्त विद्यापीठातील जॉन रिचर्डसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या धर्तीवर प्रश्नावली तयार केली. २००३ व २००४ मध्ये तिच्या प्राथमिक चाचण्या झाल्या व २००५ च्या आरंभी पहिले पूर्ण सर्वेक्षण घेण्यात आले.

स्वरूप

सर्वेक्षण जानेवारी ते एप्रिल या काळात घेतले जाते. त्याचे प्रत्यक्ष काम इप्सॉस ही मतचाचणी संस्था करते, त्यामुळे संस्थेतील शिक्षकांना किंवा प्रशासनाला कोणी काय उत्तर दिले हे कळत नाही. आरंभी सर्वेक्षणाची जबाबदारी इंग्लंडच्या उच्च शिक्षण निधी परिषदेकडे होती. ती परिषद २०१८ मध्ये बरखास्त झाल्यावर विद्यार्थी कार्यालय (ऑफिस फॉर स्टुडंट्स) हा नियामक वेल्स, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडमधील संबंधित संस्थांच्या वतीनेही ते घेतो. स्कॉटलंडमधील संस्था पहिल्या वर्षी त्यात नव्हत्या, त्या नंतर टप्प्याटप्प्याने सामील झाल्या.

पहिल्या प्रश्नावलीत अध्यापन, मूल्यमापन व अभिप्राय, शैक्षणिक साहाय्य, संघटन व व्यवस्थापन, अध्ययन साधने आणि व्यक्तिमत्त्व विकास अशा सहा गटांत २१ विधाने होती. ‘एकंदरीत मी या अभ्यासक्रमाच्या दर्जाविषयी समाधानी आहे’ अशा आशयाचे बाविसावे विधान शेवटी होते. प्रत्येक विधानाशी विद्यार्थी कितपत सहमत आहे हे पाच पायऱ्यांच्या मापावर नोंदवायचे असे. २०१२ मध्ये विद्यार्थी संघाविषयीच्या प्रश्नाची भर पडली. २०१७ च्या फेररचनेत व्यक्तिमत्त्व विकासाचा गट वगळून अध्ययनाच्या संधी, अध्ययन समुदाय आणि ‘विद्यार्थ्यांचा आवाज’ हे नवे गट आले व प्रश्नांची संख्या २७ झाली. प्रश्नावलीच्या अखेरीस चांगल्या व वाईट बाबी मोकळेपणाने लिहिण्यासाठी जागा असते. हा मजकूर जाहीर केला जात नाही, तो केवळ संबंधित संस्थेला दिला जातो. अनेक विभागांच्या दृष्टीने अहवालातील सर्वांत उपयुक्त भाग हाच असतो, कारण आकड्यामागचे कारण तिथे सापडते.

एखाद्या अभ्यासक्रमाचा निकाल जाहीर होण्यासाठी किमान दहा विद्यार्थ्यांची उत्तरे आणि किमान ५० टक्के प्रतिसाद आवश्यक असतो. त्याहून कमी प्रतिसाद असल्यास तो विषय तुलनेतून गळतो किंवा व्यापक विषयगटात मिसळला जातो. निकाल आधी ‘टीक्यूआय’, नंतर ‘युनिस्टॅट्स’ आणि २०१९ पासून ‘डिस्कव्हर युनि’ या शासकीय संकेतस्थळावर अभ्यासक्रमनिहाय उपलब्ध झाले. ‘द गार्डियन’, ‘द टाइम्स’ आणि ‘कम्प्लीट युनिव्हर्सिटी गाइड’ यांच्या देशांतर्गत क्रमवारीतही त्यांना स्थान असते. याउलट क्यूएस किंवा शांघाय क्रमवारी यांसारख्या जागतिक याद्यांत विद्यार्थ्यांच्या समाधानाचा विचारच केलेला नसतो. एखादे विद्यापीठ एका यादीत अग्रभागी व दुसऱ्या यादीत बरेच खाली दिसण्यामागे हेही एक कारण आहे.

तुलनेच्या मर्यादा

सर्वेक्षणाच्या निकालात संस्थासंस्थांमधील फरक सामान्यतः लहान असतात. बहुतेक संस्थांचे समाधानाचे प्रमाण एका अरुंद पट्ट्यात दाटीवाटीने येते आणि क्रमवारी लावली की एक-दोन टक्क्यांच्या फरकाने कित्येक स्थाने वर-खाली होतात. जॅकलिन चेंग व हर्बर्ट मार्श यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात, विद्यार्थ्यांच्या उत्तरांतील एकूण भिन्नतेपैकी फारच थोडा भाग विद्यापीठ बदलल्यामुळे निर्माण होतो असे आढळले. एकाच विद्यापीठातील एकाच वर्गातल्या विद्यार्थ्यांत आपापसांत असलेले मतभेद त्याहून कितीतरी मोठे असतात.

लहान विभागांच्या बाबतीत ही अडचण अधिक ठळक होते. समजा, एका विभागात ४० विद्यार्थी असून त्यांपैकी २४ जणांनी उत्तरे दिली आणि २० जणांनी अनुकूल मत नोंदवले. प्रमाण ८३ टक्के भरते. त्यातील दोघांचे मत बदलले तर ते ७५ टक्क्यांवर येते, आणि आणखी दोघे अनुकूल झाले असते तर ते ९२ टक्के झाले असते. या २४ जणांना दरवर्षी येणाऱ्या विद्यार्थ्यांचा नमुना मानले, तर सांख्यिकीच्या नेहमीच्या ९५ टक्के विश्वासपातळीवर खरे प्रमाण साधारण ६४ ते ९३ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. ज्या विषयाच्या क्रमवारीत पहिल्या व चाळिसाव्या विभागात पंधरा टक्क्यांचे अंतर असेल, तिथे हा विभाग दोन्ही टोकांना शोभेल. शासकीय निकालांसोबत अनिश्चिततेची मर्यादा दिलेली असते, पण वृत्तपत्रातील तक्त्यात पोहोचेपर्यंत ती बहुधा गळून पडते.

दुसरी अडचण विषयांची आहे. इतिहास व तत्त्वज्ञान यांसारख्या विषयांत अध्यापनाविषयीचे मत सातत्याने चांगले असते, तर कला व अभिकल्प या विषयांत संघटन व व्यवस्थापनाचे गुण कमी पडतात. यामागे कार्यशाळा, साहित्य व वेळापत्रकांची गुंतागुंत अशी उघड कारणे आहेत. परिणामी केवळ कलाशिक्षण देणाऱ्या संस्थेची सर्व विषय शिकवणाऱ्या विद्यापीठाशी सरळ तुलना केली, तर ती संस्था वाईट नसतानाही खाली दिसते. लंडनमधील संस्थांचे गुणही एकंदरीत कमी असतात. घरभाडे, लांबचा प्रवास व विखुरलेले विद्यार्थी-जीवन यांचा त्यात किती वाटा आणि अध्यापनाचा किती, हे प्रश्नावलीवरून वेगळे काढता येत नाही. याउलट दूरशिक्षण देणारे मुक्त विद्यापीठ आणि विद्यार्थीसंख्येने लहान असलेले बकिंगहॅम हे खासगी विद्यापीठ अनेक वर्षे समाधानाच्या यादीत अग्रभागी राहिले. या दोन्ही संस्थांचे विद्यार्थी, त्यांचे वय आणि त्यांच्या अपेक्षा इतर विद्यापीठांहून वेगळ्या आहेत. हा दोष कमी करण्यासाठी नियामक प्रत्येक संस्थेसाठी ‘अपेक्षित मूल्य’ काढतो. विषय, वय, लिंग, वांशिक पार्श्वभूमी, अपंगत्व व पूर्णवेळ-अर्धवेळ शिक्षण यांचे मिश्रण लक्षात घेता त्या संस्थेचा निकाल किती असायला हवा होता, हे ते मूल्य सांगते. दोन संस्थांचे मूळ आकडे एकमेकांशेजारी ठेवण्यापेक्षा प्रत्येक आकडा त्याच्या अपेक्षित मूल्याशी ताडून पाहणे अधिक योग्य ठरते.

तिसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. बहुसंख्य विद्यार्थी आयुष्यात एकाच विद्यापीठात पदवी घेतात, तुलना करण्यासाठी दुसरा अनुभव त्यांच्याजवळ नसतो. ते आपल्या अपेक्षेशी तुलना करतात, आणि नावाजलेल्या विद्यापीठात येणाऱ्याची अपेक्षा मुळातच उंच असते. समाधान व प्रत्यक्ष शिकणे यांचा संबंधही वादग्रस्त आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या आरंभी झालेल्या ‘डॉ. फॉक्स’ प्रयोगात एका नटाने अर्थहीन पण रंजक व्याख्यान देऊन तज्ज्ञ श्रोत्यांकडून उत्तम अभिप्राय मिळवला होता. अमेरिकन हवाई दल अकादमीतील विद्यार्थ्यांच्या आकडेवारीवर स्कॉट कॅरेल व जेम्स वेस्ट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या प्राध्यापकांना चांगले अभिप्राय मिळाले त्यांच्या विद्यार्थ्यांची पुढील अभ्यासक्रमांतील कामगिरी तुलनेने कमी असल्याचे दिसले. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातील एका आंतरजालीय वर्गात शिक्षकांची नावे अदलाबदल करून केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, तीच व्यक्ती स्त्री म्हणून ओळखली गेल्यास तिला कमी गुण मिळाल्याचे आढळले. हे अभ्यास एकेका शिक्षकाच्या मूल्यमापनाविषयीचे आहेत. राष्ट्रीय विद्यार्थी सर्वेक्षण संपूर्ण अभ्यासक्रमाविषयी विचारत असल्याने ते निष्कर्ष त्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, तथापि चर्चेत हे दोन्ही सर्रास एकत्र केले जातात.

उत्तरांवर प्रभाव टाकण्याचे प्रकार

निकालावर प्रतिष्ठा अवलंबून राहू लागताच उत्तरे देणाऱ्यांवर दबाव येणे ओघानेच आले. २००८ मध्ये किंग्स्टन विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातील एका बैठकीचे ध्वनिमुद्रण बीबीसीच्या हाती आले. विभागाचा निकाल घसरला तर तुमच्याच पदवीची किंमत कमी होईल, तेव्हा उत्तरे चढवून द्या, अशा आशयाचे बोलणे त्यात विद्यार्थ्यांशी केलेले होते. विद्यापीठाच्या नेतृत्वाने त्याचा निषेध केला आणि निधी परिषदेने त्या वर्षीच्या निकालातून तो विभाग वगळला. त्यानंतर संस्थांनी सर्वेक्षणाचा प्रचार तटस्थपणे करावा, विशिष्ट उत्तर सुचवू नये असे नियम अधिक काटेकोर करण्यात आले आणि तक्रारींची चौकशी करण्याची पद्धत ठरवण्यात आली.

त्या बैठकीत मांडलेला युक्तिवाद नियमबाह्य असला तरी विद्यार्थ्याच्या दृष्टीने निरर्थक नव्हता. अंतिम वर्षाचा विद्यार्थी काही महिन्यांत त्याच पदवीच्या आधारे नोकरी शोधणार असतो. आपल्याच विभागाविषयी त्याने कठोर मत नोंदवले, तर त्याचा लाभ मागून येणाऱ्यांना होतो आणि झळ त्याला स्वतःला बसू शकते. सूचना देणारा कोणी नसला तरी हा ताण प्रश्नावलीत कायम राहतो.

निकालांचा जाहिरातीत होणारा वापर हाही वादाचा विषय ठरला. क्रमवारीतून छोट्या किंवा विशेष संस्था वगळणे, सोयीचे वर्ष निवडणे, एखाद्याच प्रश्नाचा निकाल ‘विद्यार्थी समाधान’ म्हणून मिरवणे अशा क्लृप्त्यांनी बऱ्याच विद्यापीठांना कुठल्या ना कुठल्या यादीत वरचे स्थान सांगता येते. नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने सहा विद्यापीठांचे विविध क्रमवारींवर आधारलेले दावे दिशाभूल करणारे ठरवले. त्यांत विद्यार्थी समाधानात देशातील पहिल्या पाचांत असल्याचा ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचा दावाही होता.

शुल्काशी जोडणी व बहिष्कार

ऑक्सफर्ड, केंब्रिज व वॉरिक येथील विद्यार्थी संघांनी २००५ च्या पहिल्याच सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला होता. व्यापक संघर्ष झाला तो मात्र २०१७ मध्ये. शासनाने ‘अध्यापन उत्कृष्टता आराखडा’ नावाची नवी व्यवस्था आणली. तीत संस्थांना सुवर्ण, रौप्य व कांस्य श्रेणी मिळणार होती आणि श्रेणीनुसार शुल्क वाढवण्याची मुभा देण्याचा विचार होता. श्रेणी ठरवणाऱ्या सहा मुख्य निर्देशकांपैकी तीन या सर्वेक्षणातून घेतलेले होते: अध्यापन, मूल्यमापन व अभिप्राय, आणि शैक्षणिक साहाय्य. उर्वरित तीन शिक्षण मध्येच न सोडण्याचे प्रमाण व रोजगार यांविषयीचे होते.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने यातून विचित्र कोंडी झाली. शिक्षक चांगले आहेत असे प्रामाणिकपणे लिहावे, तर त्याचा उपयोग पुढच्या तुकडीचे शुल्क वाढवण्यासाठी होणार, आणि खोटे वाईट लिहावे तर शिक्षकांवर अन्याय. राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेने (एन.यू.एस.) तिसरा मार्ग निवडला आणि उत्तरेच देऊ नयेत असे आवाहन केले. सर्व विद्यापीठांत त्याला सारखा प्रतिसाद मिळाला नाही, परंतु ऑक्सफर्ड व केंब्रिजसह बारा संस्थांत प्रतिसाद ५० टक्क्यांखाली राहिला आणि त्यांचे निकाल जाहीर होऊ शकले नाहीत. क्रमवारीचे तक्ते काढणाऱ्यांना या संस्थांसाठी जुनी आकडेवारी किंवा पर्यायी हिशोब वापरणे भाग पडले.

जून २०१७ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या श्रेणींत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, लिव्हरपूल व साउदॅम्प्टन या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या संस्थांना कांस्य मिळाल्याने बरीच चर्चा झाली. त्याच वर्षी सर्वेक्षणाधारित निर्देशकांचे वजन निम्म्यावर आणण्याचा निर्णय झाला. शुल्क ९,२५० पौंडांवर गोठवले गेल्याने श्रेणीनुसार शुल्कवाढीची योजना प्रत्यक्षात आली नाही. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनेही या आराखड्याच्या सांख्यिकी पायावर गंभीर आक्षेप नोंदवले होते.

फेरतपासणी आणि २०२३ मधील बदल

सप्टेंबर २०२० मध्ये इंग्लंडच्या शिक्षण विभागाने सर्वेक्षणाची मुळापासून तपासणी करण्यास नियामकाला सांगितले. चांगले अभिप्राय मिळवण्याच्या दबावाखाली विद्यापीठे अभ्यासक्रम सोपे करतात व सढळ हाताने गुण देतात, असा शासनाचा आक्षेप होता. विद्यार्थ्यांनी शुल्कवाढीचे साधन म्हणून ज्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला, त्याच सर्वेक्षणाला तीन वर्षांनी शासन दर्जा खालावण्याचे कारण म्हणू लागले. तपासणीअंती सर्वेक्षण बंद न करता त्यात सुधारणा करण्याचे ठरले.

त्यानुसार २०२३ पासून विधानांशी सहमती विचारण्याऐवजी थेट प्रश्न विचारले जाऊ लागले. उदाहरणार्थ, ‘शिक्षक विषय चांगला समजावून सांगतात’ या विधानाच्या जागी ‘शिक्षक विषय समजावून सांगण्यात कितपत चांगले आहेत’ असा प्रश्न आला. मधली तटस्थ पायरी काढून उत्तरासाठी चार पायऱ्या ठेवण्यात आल्या आणि पहिल्या दोन पायऱ्या निवडणाऱ्यांच्या प्रमाणाला ‘सकारात्मकता मापक’ असे नाव मिळाले. मानसिक आरोग्यासाठी असलेल्या सेवांची माहिती विद्यार्थ्यांपर्यंत कितपत पोहोचते, याविषयीच्या प्रश्नाची भर पडली. मतस्वातंत्र्याविषयीचा प्रश्न केवळ इंग्लंडमध्ये विचारला जातो. सर्वांत मोठा बदल म्हणजे एकंदर समाधानाचा प्रश्न इंग्लंडपुरता वगळण्यात आला, तर स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमध्ये तो कायम राहिला. ज्या एका आकड्यावर वृत्तपत्रांचे मथळे व विद्यापीठांच्या जाहिराती उभ्या होत्या, तोच इंग्लंडमध्ये नाहीसा झाला. त्याचबरोबर इंग्लंडमधील संस्थेची स्कॉटलंडमधील संस्थेशी त्या प्रश्नावर तुलना करण्याची सोयही संपली. प्रश्नांची रचना व पायऱ्या बदलल्याने २०२२ पर्यंतचे आकडे नंतरच्या आकड्यांशी सरळ ताडून पाहता येत नाहीत.

परिणाम

अध्यापनसुधारणेच्या दृष्टीने सर्वेक्षणाचा सर्वांत स्पष्ट परिणाम मूल्यमापन व अभिप्राय या क्षेत्रात दिसला. आरंभीच्या वर्षांत याच गटाचे गुण सातत्याने सर्वांत कमी होते. निबंध तपासून परत मिळायला लागणारा वेळ, शेऱ्यांचा त्रोटकपणा आणि गुण कशाच्या आधारे दिले याविषयीची संदिग्धता या तक्रारी देशभर सारख्याच निघाल्या. बऱ्याच विद्यापीठांनी ठरावीक आठवड्यांत तपासलेले काम परत करण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले आणि ‘तुम्ही सांगितले, आम्ही केले’ अशा आशयाचे फलक आवारात दिसू लागले. यातील काही उपाय केवळ गुण वाढवण्यासाठी केलेले, म्हणजे काम न सुधारता विद्यार्थ्याला ‘हा पाहा अभिप्राय’ असे वारंवार बजावण्यापुरते होते, अशी टीकाही झाली. तरीही निरीक्षकांच्या भेटींतून जी तक्रार इतक्या ठळकपणे पुढे आली नव्हती, ती विद्यार्थ्यांच्या उत्तरांतून आली, हे सर्वेक्षणाचे टीकाकारही सहसा नाकारत नाहीत. एकाच विभागाचे त्याच प्रश्नावरील अनेक वर्षांचे आकडे ओळीने पाहणे हा या आकडेवारीचा सर्वांत भक्कम उपयोग मानला जातो. तिथे विषय, शहर व संस्थेचे स्वरूप स्थिर राहते, त्यामुळे सातत्याने दिसणाऱ्या घसरणीला काही अर्थ असतो.

पदव्युत्तर विद्यार्थी

हे सर्वेक्षण पदवीच्या अंतिम वर्षापुरतेच मर्यादित आहे. महाराष्ट्रासह भारतातून ब्रिटनमध्ये जाणारे बहुसंख्य विद्यार्थी एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतात आणि तो अभ्यासक्रम त्यात येत नाही. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात किंवा प्रवेश सल्लागाराकडून सांगितला जाणारा ‘विद्यार्थी समाधाना’चा आकडा बहुधा पदवीच्या विद्यार्थ्यांचा असतो. त्यांचे वर्ग, शिक्षक, शुल्क व वर्गमित्र पदव्युत्तर विद्यार्थ्यांपेक्षा वेगळे असू शकतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ‘अध्यापित पदव्युत्तर अनुभव सर्वेक्षण’ नावाचे वेगळे सर्वेक्षण अ‍ॅडव्हान्स एचई ही संस्था घेते. त्यात सहभाग ऐच्छिक असतो आणि संस्थानिहाय निकाल सार्वजनिक केले जात नाहीत, फक्त देशपातळीवरील सरासरी प्रसिद्ध होते. अशा अभ्यासक्रमांची तुलना करू पाहणाऱ्याला आजी-माजी विद्यार्थ्यांशी थेट संपर्क आणि खासगी संकेतस्थळांवरील परीक्षणे यांवर अवलंबून राहावे लागते. त्या परीक्षणांत उत्तर देणारे स्वतःहून पुढे आलेले असतात व प्रतिसादाच्या किमान प्रमाणाची अट नसते. त्यामुळे अतिशय खूश आणि अतिशय नाराज अशा दोन टोकांचे प्रमाण तिथे अधिक भरण्याची शक्यता असते.

इतर देशांतील व्यवस्था

ऑस्ट्रेलियात जुन्या प्रश्नावलीच्या जागी आता व्यापक शासकीय सर्वेक्षणमालिका असून तिचे निकाल संस्थानिहाय जाहीर होतात. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून २००० पासून चालवले जाणारे ‘विद्यार्थी सहभाग राष्ट्रीय सर्वेक्षण’ समाधानाऐवजी विद्यार्थी किती वाचतो, किती लिहितो, शिक्षकांशी किती वेळा चर्चा करतो असे प्रश्न विचारते. आपल्या निकालांवरून क्रमवारी लावण्यास त्याच्या संयोजकांचा विरोध आहे. तिथे १९९९ मध्ये सुरू झालेले ‘रेट माय प्रोफेसर्स’ हे खासगी संकेतस्थळ एकेका प्राध्यापकाला गुण देण्यासाठी प्रसिद्ध आहे. प्राध्यापकाच्या आकर्षकपणासाठी दिली जाणारी मिरचीची खूण त्याने २०१८ मध्ये टीकेनंतर काढून टाकली.

भारतात राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने (नॅक) २०१७ च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा समावेश केला. अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन या निकषाखाली येणाऱ्या या सर्वेक्षणात वीस वस्तुनिष्ठ प्रश्न व एक मुक्तोत्तरी प्रश्न असतो. महाविद्यालयाने पुरवलेल्या यादीतील विद्यार्थ्यांना परिषद स्वतः प्रश्नावली पाठवते. ब्रिटनप्रमाणे निम्म्या विद्यार्थ्यांच्या प्रतिसादाची अट इथे नाही. मिळालेले गुण संस्थेच्या एकूण श्रेणीत मिसळतात. शिक्षण मंत्रालयाच्या राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखड्यात (एनआयआरएफ), ज्याची पहिली यादी २०१६ मध्ये आली, ‘लोकमत’ असा एक निकष आहे, पण तो शिक्षणतज्ज्ञ व नियोक्ते यांच्या मतावर आधारलेला असून त्यात त्या संस्थेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे मत विचारले जात नाही.